पोच तरी द्या

निवेदन देणं आम्हा महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या मराठी माणसांना नवीन नाही. जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज घेऊन गेलो तर काम होईलच याची खात्री नसते, पण आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मारून घेतल्याशिवाय कुणी तिथून हलत नाही. उद्या 'अर्ज आलाच नाही' म्हणाले तर हातात कागद असतो. सोशल मीडियावर तेवढंही मिळत नाही. पोस्ट उडते, कुणी उडवली कळत नाही, का उडवली विचारायला माणूस सापडत नाही.

नोव्हेंबर जवळ आला की हे जास्त जाणवतं. १ तारखेला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिन, आणि मोबाईलवर दोन्हीकडून एकच धंदा: लिंक ग्रुपवर टाकायची आणि खाली लिहायचं, 'सगळ्यांनी रिपोर्ट मारा.' हे फक्त 'ते' करतात असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच ग्रुपचे मागचे मेसेज वर सरकवून बघावेत. मुळात किती जणांनी रिपोर्ट केला याला किंमत का असावी? मजकूर काय आहे ते बघा. आणि आमच्याकडची अर्धी मराठी, अर्धी कन्नड, तीही इंग्रजी अक्षरांत लिहिलेली कॉमेंट वाचून भांडण कुठलं नि चेष्टा कुठली हे ठरवायला इथलं माणूसच लागतं.

कायदा अगदीच नाही असं नाही. २०२१ चे आयटी नियम सांगतात, ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्या कंपनीनं आपणहून मजकूर काढला तर कारण कळवायचं आणि बाजू मांडायची संधी द्यायची. तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल १५ दिवसांत, असं त्यात लिहिलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीनं वर अपील समितीही आली, कंपनीचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत तिच्याकडे जाता येतं. त्याच दुरुस्तीप्रमाणे कंपनीच्या अटी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही आणि कन्नडमध्येही, मिळायला हव्यात. समिती केंद्र सरकारनंच नेमलेली असते. सरकारवर टीका केलेल्या पोस्टचा न्याय तिथं कसा होईल, याबद्दल मला शंका आहे. तरी दार आहे, ते ठोठावावं.

पण सगळा राग कंपन्यांवर काढून आपण मोकळे होतो, ते मला पटत नाही. आमच्या गावच्या ग्रुपवर एकानं यात्रेच्या पट्टीचा हिशेब विचारला. शिवी नाही, आरोप नाही. किती जमा, किती खर्च, एवढंच. संध्याकाळपर्यंत मेसेज गायब आणि तोही ग्रुपबाहेर. पैसे ज्यांच्याकडे होते ते अ‍ॅडमिनचे सख्खे चुलतभाऊ, हे गावात सगळ्यांना माहीत. मी अ‍ॅडमिनना फोन केला तर म्हणाले, "कशाला ओ वाद, उद्या पोलीस मलाच बोलावतील की."

ही पोलिसांची भीती बऱ्याच अ‍ॅडमिनना असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय की दुसऱ्यानं टाकलेल्या मेसेजसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. शिवाय पट्टीचा हिशेब विचारला म्हणून कुठले पोलीस येतात?

जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के आहेत तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेत द्या, हे आपण किती वर्षं मागतोय. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. ताटकळणं म्हणजे काय ते आम्हाला कुणी शिकवायला नको. मग आपल्याच ग्रुपवर आपल्याच माणसाला एका ओळीचं कारण द्यायला जड का जावं? मेसेज काढला तर का काढला ते तिथंच लिहा. विषय अ‍ॅडमिनच्या घरचा असेल तर निर्णय दुसऱ्या दोघांनी घ्यावा. काढलेल्या माणसाला एकदा तरी बोलू द्या.

हे सगळं मी अ‍ॅडमिनना लिहून पाठवलंय. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. मला ग्रुपमधून काढलं तर कारण इथं खाली कॉमेंटमध्ये टाकलं तरी चालेल.