अँग्री इमोजीच्या त्या फॉरवर्डबद्दल खुलासा

"फेसबुकवर अँग्री दाबलं की पोस्टला लाइकच्या पाचपट वजन मिळतं, भांडणं त्यानेच पेटतात, दाबू नका" असा मेसेज परत फिरतोय. अर्धा खरा, अर्धा शिळा. 2017 ला पाचपट वजन (म्हणजे कोणती पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना दिलेलं महत्त्व) होतं हे बरोबर, पण एकट्या अँग्रीला नाही, लव्ह, हाहा, सॅड सगळ्यांनाच. अँग्रीचं 2018 ला चारपट केलं आणि सप्टेंबर 2020 ला थेट शून्य, हे सगळं 2021 मध्ये फेसबुकची माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगनने बाहेर काढलेल्या कागदपत्रांतून कळलं. म्हणजे मेसेज पाठवणारे (नेहमीप्रमाणे) तारीख बघतच नाहीत.

आणि पोस्टचा क्रम ठरवणारा अल्गोरिदम बंद केला की सगळे गुण्यागोविंदाने नांदतील, असंही नाहीये. 2020 च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी फेसबुकच्या काही युजर्सना प्रयोग म्हणून तीन महिने नुसती वेळेच्या क्रमाने फीड दाखवली, लोक तिथे कमी वेळ रमले पण राजकीय कटुता काही फारशी हलली नाही, उलट राजकीय पोस्टी जास्त दिसल्या. अर्थात तीन महिन्यांत वर्षानुवर्षांची चीड जाईल असं धरणंही जरा भाबडंच. बाकी इमोजी सोडून तावातावाने कमेंट आणि शेअर करणारे सुटले असं समजू नका, 2018 ला फेसबुकने पोस्टचा क्रम ठरवण्याची पद्धत बदलली तेव्हा सगळ्यात जास्त भाव कमेंट आणि शेअरलाच मिळाला होता.