डिस्क ठणठणीत, तरी सर्व्हर उठत नाही

लातूर-धाराशिव भागातल्या पतसंस्थांचे सर्व्हर मी सांभाळतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमची मोठी आवृत्ती बदलली की कुठे ना कुठे हेच घडते, याचा आता अक्षरशः वीट आला आहे. रीबूटनंतर काळ्या पडद्यावर रूट फाइल सिस्टिम, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम ज्यात असते तो डिस्कचा भाग, सापडत नसल्याच्या ओळी सरकत राहतात आणि अखेर बूटची सुरुवातीची तयारी करणाऱ्या ड्रॅकट या साधनाचा आणीबाणीचा प्रॉम्प्ट येऊन थांबतो. केबल घट्ट असते, डिस्क सर्व्हरला जोडणाऱ्या कंट्रोलर कार्डावरचा हिरवा दिवा लुकलुकत असतो, रेस्क्यू पेनड्राइव्हवरून पाहिले तर १०००:००७२ हा ओळख क्रमांक, म्हणजे कार्डावरची सॅस २००८ चिप, स्पष्ट दिसते. मूळ लिनक्स कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, एमपीटी३सॅस ड्रायव्हर ती चिप ओळखतो. मात्र वितरण, म्हणजे लिनक्सची वापरायला तयार आवृत्ती, बांधणाऱ्यांनी जुनी ठरवून तिचा क्रमांक आपल्या ड्रायव्हरच्या यादीतून वगळलेला असतो.

मग बाहेरून ड्रायव्हरचे मॉड्यूल आणा, इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी चढणारी छोटी फाइल सिस्टिम) पुन्हा बांधा, आणि पुढच्या कर्नलशी ते जुळले नाही की पुन्हा तेच. नवे कार्ड घ्या, असा सल्ला देणे सोपे आहे. पण ज्या संस्थेची वसुली पावसावर आणि सोयाबीनच्या भावावर अवलंबून आहे, तिने चालू स्थितीतले कार्ड भंगारात का टाकावे? वितरण बांधणाऱ्यांकडे चाचणीसाठी जुने हार्डवेअर उरले नाही, ही अडचण मला मान्य आहे. तसे असेल तर बूट होताना 'या कार्डाला आधार नाही' असा इशारा खुशाल छापा, पण ड्रायव्हरच्या यादीतली ती एक ओळ राहू द्या.