कानावर हात

आमच्या वरच्या मजल्यावर गेलं दीड वर्ष काम चालू आहे. कसलं काम, ते आता त्या घराच्या मालकालाही आठवत नसावं. रोज सकाळी दहाला ड्रिल सुरू होतं आणि संध्याकाळी सहाला थांबतं. ड्रिलचा त्रास आहेच, पण त्याहून जास्त छळतो तो एक प्रश्न. दीड वर्ष रोज भोकं पाडल्यावर तिथे भिंत उरलीच कशी?

मी घरून काम करतो. म्हणजे दहा ते सहा.

तेव्हा मी नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यायचं ठरवलं. स्वस्तातले. कारण महागाचे घेतले आणि दुसऱ्याच दिवशी वरचं काम संपलं तर? (माणूस किती आशावादी असतो.) खोक्यावर ठळक अक्षरांत 'नॉइज कॅन्सलेशन' लिहिलं होतं, शेजारी डोळे मिटून प्रसन्न हसणाऱ्या मुलीचं चित्र होतं. मी हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि प्रसन्न हसलो. ड्रिल जसंच्या तसं.

दोन दिवस मला वाटलं, आपलेच कान तिखट असतील. तिसऱ्या दिवशी मुलीने खोकं हातात घेऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचली.

"बाबा, हे ईएनसी आहे. तुला एएनसी हवं होतं."

"एका अक्षराने काय बिघडतं?"

"एएनसी तुझ्या कानासाठी असतं. ईएनसी माइकसाठी. तू फोनवर बोलतोस तेव्हा समोरच्या माणसाला आपल्याकडचं ड्रिल ऐकू जाऊ नये म्हणून."

म्हणजे ड्रिल मी ऐकायचं, आणि त्याचा त्रास माझ्या साहेबांना होऊ नये यासाठी पैसेही मीच भरायचे. माझ्या हातून आयुष्यात घडलेलं हे एकमेव निःस्वार्थ कार्य. साहेबांना मात्र त्याचा पत्ता नाही. पगारवाढीच्या वेळी सांगावं असं पुष्कळदा मनात आलं, पण मांडणी जमेना.

पहिली जोडी मुलीने नेली. दुसरी घेताना मी रात्र रात्र जागून अभ्यास केला. एवढा अभ्यास शाळेत केला असता तर आज मी वरच्या मजल्यावर राहत असतो आणि ड्रिल माझं असतं.

या यंत्रामागची युक्ती बरीच जुनी निघाली. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन गृहस्थांना तिचं अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळालं. आवाज म्हणजे हवेतला चढ-उतार. तर चढ येईल तिथे आपण उतार सोडायचा, उतार येईल तिथे चढ. दोन्ही एकमेकांत जिरतात आणि शांतता उरते. काट्याने काटा काढतात तसा आवाजाने आवाज काढायचा. हेडफोनच्या बाहेरच्या अंगाला माइक असतो. तो येणारा आवाज ऐकतो, आतली चिप त्याचा उलटा आवाज तयार करते आणि स्पीकर तो कानात सोडतो. हे सगळं मूळ आवाज कानाच्या पडद्याशी पोचायच्या आत उरकायचं. आमच्या घरात कुणाला हाक मारली तर ओ यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात हा प्रकार कैक हजार वेळा होऊन जातो.

दुसरी जोडी आली. खरीखुरी एएनसी. बटण दाबलं आणि आधी कानात दडे बसल्यासारखं वाटलं, भराभर वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये बसतात तसे. खरं तर हवेचा दाब तसूभरही बदललेला नसतो. खालच्या पट्टीचे आवाज एकाएकी नाहीसे झाले की मेंदूची समजूत होते की दाब बदलला. मग हळूहळू लक्षात आलं, पंख्याचा आवाज गेलाय. पाती फिरताना दिसताहेत, आवाज नाही. एसीची घरघर गेली. रस्त्यावरून वाहनांचा जो अखंड घोष येतो, तोही गेला. मला गहिवरून आलं.

आणि तेवढ्यात ड्रिल सुरू झालं.

आता नीट सांगायचं तर पंख्याशी माझं कधीच वैर नव्हतं. वीस वर्षांत त्याच्याविरुद्ध माझी एकही तक्रार नाही. पण या यंत्राला नेमका तोच सापडला. कारण साधं आहे. १०० हर्ट्झच्या खर्जातल्या आवाजाची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. एवढ्या ऐसपैस लाटेवर उलटी लाट टाकताना थोडं मागेपुढे झालं तरी निभावतं. ५००० हर्ट्झची लाट मात्र जेमतेम सात सेंटिमीटर. तिथे नेम थोडा जरी चुकला तरी काटा निघायचा राहतो, उलट आणखी एक रुततो. म्हणून ही यंत्रं वरच्या पट्टीच्या वाटेला जातच नाहीत. ते काम कानाभोवतीच्या गादीवर सोडतात, आणि स्वस्त जोडीतल्या गादीचा जीव तो केवढा! शिवाय आवाज एकसुरी असेल तर चिपला त्याचा अंदाज येतो. ड्रिल कधी थांबतं, कधी किंचाळतं, मध्येच हातोडा होतं. त्याचा अंदाज ते चालवणाऱ्यालाही नसतो.

तेव्हा झालं असं की पूर्वी ड्रिलच्या मागे पंख्याचा, एसीचा, रस्त्याचा सूर भरलेला असायचा आणि त्या गर्दीत ते थोडंफार लपायचं. यंत्राने तानपुरे काढून घेतले. आता ड्रिलची मैफल बिनसाथीची, स्वच्छ, एकेक जागा ऐकू येईल अशी रंगू लागली. सोबत न्हाणीघरातला गळका नळ आणि भिंतीवरचं घड्याळ. त्या घड्याळाला टिकटिक आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

खोक्यावर '४० डेसिबलपर्यंत' असं छापलेलं असतं. त्यातला 'पर्यंत' हा शब्द फार कर्तबगार आहे. तो आकडा जिथे यंत्राचा हात सगळ्यात चांगला बसतो त्या एखाद्या सुराचा, तोही सगळं नीट जुळून आलं तर. बॅटरीचंही तेच. ५० तास, आणि खाली मुंगीच्या अक्षरात 'एएनसी बंद असताना'. छत्री खूप टिकते, पावसात उघडली नाही तर, त्यातला प्रकार.

त्यात मला चष्मा. चष्म्याची काडी कान आणि गादी यांच्यामध्ये बोटभर नाही तरी नखभर फट ठेवते आणि त्या फटीतून नेमका तो खर्ज आत शिरतो, जो हाकलण्यासाठी पैसे मोजले. गाण्यातला खर्जही तिथूनच बाहेर जातो. चष्मा काढला तर शांतता उत्तम, पण समोर कॉम्प्युटर चालू आहे की बंद, ते कळत नाही. डोळे आणि कान यांतलं एक काहीतरी निवडा, असं हे यंत्र सांगतं. काही दिवस मी चष्मा हेडफोनच्या वरून लावून पाहिला. मीटिंगमध्ये कुणी काही बोललं नाही, पण दोघांनी आपापले कॅमेरे बंद केले.

हेडफोनच्या आत एक बाईही राहते. ही बाई इंग्रजीत बोलते आणि खच्चून बोलते. रात्री सगळं निजानीज झाल्यावर आपण हळूच बटण दाबावं, तर ती कानाशी ओरडते, "नॉइज कॅन्सलिंग ऑन!" शांततेची घोषणा लाउडस्पीकरवरून. तिचा आवाज कमी करायची सोय माझ्या जोडीत नाही. बॅटरी संपत आली की तेच दर थोड्या वेळाने सांगत राहते, आणि मला दाट संशय आहे की ते सांगण्यातच उरलेली बॅटरी खर्च करते.

वाऱ्याचं तर विचारू नका. बाहेरच्या माइकवर वारा आपटला की त्याला तो आवाज वाटतो, आणि बिचारा तो रद्द करायला धावतो. सकाळी फिरायला गेलो, झाडाचं पान हलत नव्हतं, कानात वादळ. वर कानाची भोकं बुजलेली असल्यामुळे स्वतःची पावलं हाडांतून धप धप अशी डोक्यात ऐकू येतात. तीनदा मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. चौथ्यांदा माझ्या वळण्याला घाबरून मागचे गृहस्थ पलीकडच्या फुटपाथवर गेले.

पण सगळ्यात मोठी फजिती झाली ती फोनवर बोलताना. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हाराल्ड नावाच्या राजाच्या टोपणनावावरून आलं आहे आणि ते चिन्ह म्हणजे त्याच्या नावाच्या आद्याक्षरांच्या जुन्या लिपीतल्या खुणा. त्याने डेन्मार्क आणि नॉर्वे एकत्र आणले, असं म्हणतात. मोठा माणूस. माझा फोन आणि माझा लॅपटॉप त्याला एकत्र आणून दाखवता आले असते का, याबद्दल मात्र मी साशंक आहे. लॅपटॉपवर साहेब बोलत असताना फोनवर कुणाचा साधा नमस्काराचा मेसेज आला, की हेडफोन साहेबांना सोडून तिकडे धावतात. माइक चालू झाला की आणखी मजा. इतका वेळ भरदार वाजणारा आवाज एकदम जुन्या काळच्या टेलिफोनसारखा होतो. कारण तीच तुटपुंजी वाट आता येण्याला आणि जाण्याला, दोघांनाही पुरवायची असते. साहेब मला पत्र्याच्या पिंपातून बोलल्यासारखे ऐकू येत. मी त्यांना कसा ऐकू येतो, असं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही आत्ता विहिरीत आहात का?"

शिवाय कान असे बंद असले की स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही. मग आपण ओरडतो. आपल्याला वाटतं, छान संयमाने मुद्दा मांडतोय. बायको दुसऱ्या खोलीतून यायची, हेडफोनची एक वाटी उचलायची आणि म्हणायची, "अरे, भांडण चाललंय का?" एका दुपारी दाराची बेल वाजली (वाजली असं ती म्हणते, मी कुठला ऐकायला). वरच्या मजल्यावरचा ड्रिलवाला उभा होता. अतिशय अदबीने म्हणाला, "साहेब, जरा हळू बोलता का? खालून फार आवाज येतो. हातात मशीन असतं, दचकायला होतं."

तरीही मी ते परत केले नाहीत. कारण एकदा बसने रात्रीचा लांबचा प्रवास केला. इंजिनच्या डोक्यावरची सीट. एरवी अशा प्रवासानंतर दोन दिवस डोकं घुमत राहतं. बटण दाबलं, बाई ओरडली, आणि इंजिन गेलं. सीट थरथरत होती, खिडकीची काच हलत होती, आवाज कुठेच नाही. तेव्हा कुठे या यंत्राची जात कळली. स्पीकर-हेडफोनवाल्या 'बोस' कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना अशा हेडफोनची कल्पना सुचली तीच मुळी १९७८ साली, झ्युरिकहून बॉस्टनला जाताना, विमानाच्या घरघरीत संगीत ऐकू येईना म्हणून. विमानातच बसून त्यांनी गणितं मांडायला घेतली. विक्रीला हेडफोन आले ते १९८९ मध्ये, आणि तेही वैमानिकांसाठी. म्हणजे हे अवजार घरघरीच्या पोटी जन्मलं आणि घरघर खाऊनच जगतं. ते आणून मी ड्रिलसमोर बांधलं, हा दोष काही त्याचा नाही. आणि घरघरीपुरतं स्वस्तातलं हे अवजार महागाच्या फार मागे नाही, असं माझं मत झालं आहे. महागातले माणसांचे आवाज जास्त दाबतात, गाणं बंद असताना कानात सतत येणारी ती बारीक 'सूंऽऽ' त्यांत कमी असते, आणि फोनवर बोलताना कोणी विहिरीची चौकशी करत नाही. शिवाय त्या बसमध्ये इंजिन गेल्यामुळे गाणं निम्म्या आवाजात पुरलं. पूर्वी मी इंजिनवर मात करायला गाणं इतकं चढवायचो की दोघं मिळून माझ्या कानांवर मात करायचे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, एवढीच मर्यादा सांगते. माझा कोटा मी पूर्वी एका घाटात संपवला असणार.

फक्त इंजिन गेल्यावर मागच्या सीटवरचे गृहस्थ फोनवर काय बोलताहेत, ते शब्दन् शब्द ऐकू येऊ लागलं. त्यांच्या मेहुण्याने जमिनीच्या कागदांवर सही केलेली नाही. करूही नये, असं माझं मत आहे.

आता गाद्यांवरचं चामडं (चामडं कसलं, प्लॅस्टिकच ते) पापुद्रे सोडू लागलंय. हेडफोन काढले की कानांवर काळी खपली चिकटलेली असते. उन्हाळ्यात कान उकडतात. बिजागरीला एक चीर गेली होती, ती चिकटपट्टीने बांधली आहे. सिनेमा बघताना दार आपटलेलं आधी दिसतं आणि आवाज मागाहून येतो, त्याचीही सवय झाली. वरचं काम चालूच आहे.

गेल्या आठवड्यात बायकोने रात्री ते मागून घेतले. माझ्या घोरण्यावर चालतात का, ते तिला बघायचं होतं. मी तिला समजावलं की घोरणं हा मुख्यतः खर्जाचा प्रकार, तेव्हा यंत्राला ते मानवण्यासारखं आहे. फक्त कुशीवर झोपता येणार नाही. ती उताणी झोपली, मीही निर्धास्त झोपलो.

सकाळी विचारलं, "काय? जमलं?"

"खर्ज गेला रे, अगदी साफ गेला," ती म्हणाली. "पण शेवटी तू जी शिट्टी मारतोस ना, ती आता फारच सुरेख ऐकू येते. आधी मला वाटायचं, ती बाहेरून कुठून तरी येते."

"मग झोप नाही लागली?"

"लागली होती. तीनच्या सुमाराला तुझी शिट्टी लांबली, लांबली आणि एकदम बंद झाली. मी दचकून उठून बसले, आणि कानात ती बाई ओरडली, 'बॅटरी लो!' मला वाटलं, तुझ्याबद्दलच बोलतेय."