दुधाच्या पिशवीसाठी टूरिंग बाईक

गाडी घ्यायची ठरली की शहाणीसुरती माणसंसुद्धा एक घोडचूक करतात. आपण रोज कुठं जातो, याचा हिशेब मांडायला बसतात. तुम्ही हे अजिबात करू नका. मांडलात तर उत्तर ठरलेलं आहे : कोल्हापुरात राजारामपुरीतून शिरोली एमआयडीसी, तिथून परत, वाटेत लक्ष्मीपुरीत किराणा, संध्याकाळी रंकाळ्यावर एक चक्कर आणि रविवारी सासुरवाडी कागलला. एवढ्याला शंभर सीसीची गाडी पुरून उरते. आणि पुरून उरणारी गाडी घेतल्यावर चौकात सांगायचं काय?

हिशेब मांडायचाच असेल तर तुम्ही लडाखला जाणार आहात त्या आठवड्यांचा मांडा. अजून गेला नाहीत, मान्य. रजा मंजूर व्हायची आहे, बायकोला सांगायचं आहे, बरोबर येतो म्हणणाऱ्या मित्राचं लग्न ठरलंय. ते होईल सगळं. गाडी मात्र त्या आठवड्यांच्या मापाची घ्यायची आणि बाकीच्या वर्षानं जमवून घ्यायचं.

शोरूममध्ये जाताना तुलनेचा कागद बरोबर नेऊ नका. तो फार चावट असतो. एका बाजूला स्प्लेंडर : ९७.२ सीसी, ताकद साधारण ८ हॉर्सपॉवर, वजन ११२ किलो. दुसऱ्या बाजूला रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४५० : ४५२ सीसी, ताकद ४०, वजन १९६ किलो. इथवर वाचायला बरं वाटतं. पुढची ओळ टाकीची असते, तिथं थांबा. स्प्लेंडरची टाकी ९.८ लिटरची, हिमालयनची १७ लिटरची. एखादा हिशेबी भाचा बरोबर असला तर तो लगेच गुणाकार करून दाखवणार. लिटरला साठ धरले तरी छोटी गाडी एका टाकीत साडेपाचशेच्या पुढं जाते. मोठीला अठ्ठावीस धरले तर पावणेपाचशेच्या आसपास टाकी कोरडी. म्हणजे लांब पल्ल्याची गाडी पंपाला आधी लागते आणि भाजी आणायची गाडी नंतर. म्हणून म्हणतो, भाच्याला नेऊ नका.

गाडी घरी आली की खरी परीक्षा सुरू होते, आणि तिचा पेपर फुटलेला आहे. कोल्हापुरात नव्या गाडीला एकच प्रश्न विचारतात. बिंदू चौकातला रिक्षावाला विचारणार, पेट्रोल भरणारा विचारणार, सिग्नलला शेजारी थांबलेला अनोळखी माणूस काच खाली करून विचारणार : ‘‘किती देती रं भावा?’’ चाळीस हॉर्सपॉवरबद्दल इथं कुणाला काडीचं कुतूहल नाही. ‘‘अठ्ठावीस’’ हे खरं उत्तर चुकूनही देऊ नका. समोरच्याच्या चेहऱ्यावर जी दया उमटते ती हप्ते संपेपर्यंत विसरता येत नाही. क्षितिजाकडं बघायचं आणि म्हणायचं, ‘‘ॲव्हरेज बघून घेतलीच न्हाई.’’ यावर दुसरा प्रश्न ठरलेला असतो, ‘‘जमीन इकलीस व्हय?’’ त्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

जमिनीवरून आठवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवरचा थेट ४० टक्के झाला. कंजूष माणूस याचा अर्थ ‘छोटी घ्या’ असा काढेल. तुम्ही बरोबर उलटा काढा. इतकी वर्षं सिगारेटवाल्यांना आणि पानमसाल्यावाल्यांना मिळणारा मान आता दुचाकीवाल्यालाही मिळतोय, तर तो नाकारणारे आपण कोण? थर्ड पार्टी विम्याचंही तेच. २०२२ साली ठरलेल्या दरानं शंभर सीसीला वर्षाला ७१४ रुपये आणि साडेतीनशेच्या वरच्या गाडीला २,८०४. चौपट किंमत असलेला माणूस म्हणून सरकारी कागदावर नोंद व्हायची संधी पुन्हा कुठं मिळणार?

आता चालवायची कशी ते सांगतो. पहिली फेरी महाद्वार रोडची, तीही सुट्टीच्या दिवशी, अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची गर्दी लोटलेली असताना. पहिला गिअर, अर्धा क्लच, दोन्ही पाय जमिनीवर. पाय पुरत नसतील तर बोटं तरी टेकवा. सीट ८२५ मिलिमीटरवर आहे आणि ती लेहच्या रस्त्यासाठी आहे, बांगड्यांच्या दुकानासमोरच्या उतारासाठी नाही. पाच मिनिटांत इंजिन तापतं, रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि नडग्यांना उद्यमनगरातल्या भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी धग लागते. तेवढ्यात डावीकडून एक काका, मागं काकू, पुढं नातू, हँडलला भाजीची पिशवी, अशी शंभर सीसीची गाडी तुमच्या आरशाला न लागता निघून जाते. काकांकडं बघू नका. त्यांनी तुमच्याकडं बघितलेलं असतं, तेवढं पुरे.

आणि गाडी कलंडणार. एकदा तरी कलंडणारच, ते मनाला लावून घेऊ नका. जवळजवळ दोनशे किलोचं धूड उचलताना कमरेत उसण भरते. पण तुम्ही कोल्हापुरात राहता हे तुमचं भाग्य, हाकेच्या अंतरावर तालीम असते. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला तो काय उगीच? दोन पोरं येतात, गाडी उभी करून देतात आणि जाता जाता विचारतात, ‘‘किती देती?’’

यापेक्षाही मोठं काही हवं असेल तर होंडाची गोल्ड विंग आहे. सहा सिलिंडर, १,८३३ सीसी, वजन साडेतीनशे किलोच्या वर आणि मागं यायला रिव्हर्सची सोय. शिवाजी पेठेतल्या बोळात ज्याला गाडी वळवून घ्यायची असते त्याची गरज जपानमधल्या कुणीतरी ओळखली, याचं मला फार कौतुक वाटतं.

सामानाच्या पेट्या घेतल्याशिवाय टूरिंग गाडी पुरी होत नाही. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या, चौकोनी, कुलूपवाल्या. आत काय ठेवायचं ते नंतर बघू. बहुतेकांच्या पेटीत एक रेनकोट आणि गाडीचं मॅन्युअल असतं. फक्त पहाटे त्या पेट्यांसकट गंगावेशीकडं जाऊ नका. तिथं धारोष्ण दूध प्यायला मिळतं हे खरं, पण त्याच वेळेला करवीर तालुक्यातल्या गावांतून दूधवाले शहरात शिरत असतात. जुनी शंभर सीसीची गाडी, दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, वर आणखी एक किटली. हा माणूस ऊन-पाऊस न बघता रोज टूरवर असतो आणि परतीला सीटवर पेंडीचं पोतं टाकून नेतो. त्याला जॅकेट नाही, गुडघ्याला पॅड नाही, टाकीवर नकाशाचं स्टिकर नाही. अशा माणसाशेजारी गाडी लावली की आपल्या पेट्या उगाच रिकाम्या वाजतात.

हेल्मेटबद्दल लोक फार विचारतात. महागातलं घ्या, पण गावात घालू नका, आरशाला अडकवा. एवढे पैसे मोजून चेहरा झाकला तर चौकाला कळणार कसं की गाडीवर कोण आहे? डोक्याचं काय, ते शंभर सीसीवरही तेवढंच मऊ असतं.

इथं एक गोष्ट हळूच सांगून टाकतो, ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी. पुणे-बेंगळुरू महामार्गावर शंभर सीसीची गाडी ऐंशीच्या वर गेली की हँडलला मुंग्या येतात आणि शेजारून कंटेनर गेला की अख्खी गाडी बाजूला सरकते. उसाच्या हंगामात अंधारात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं येतो, मागं दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, तेव्हा चांगला उजेड, दोन डिस्क ब्रेक आणि जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारं एबीएस यांची किंमत कळते. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस २०१९ पासून सक्तीचं आहे. खालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी साधी सोय पुरते असं तेव्हा मानलं होतं. महिन्यातून दोनदा पुण्याला किंवा हुबळीला दुचाकीवर जाणाऱ्याला मोठी गाडी शोभते, आणि खर्चही वसूल होतो. पण तो असले लेख वाचत बसत नाही. वाचताय तुम्ही.

छोट्या गाडीचे भक्तही काही कमी नाहीत, त्यांच्यापासून जपून राहा. ‘‘माझा काका ह्याच गाडीवर काश्मीरला जाऊन आला’’ हे ते तुम्हाला सांगणारच. काका गेला असेलही. धुरावरचा बीएस-६ हा नियम आल्यापासून, म्हणजे २०२० पासून, छोट्या गाड्यांनाही फ्युएल इंजेक्शन आलं आहे, त्यामुळं विरळ हवेत कार्ब्युरेटरची कुरकुरही उरली नाही. हे सगळं खरं असल्यामुळंच वाद घालू नका. ‘‘काकाची पाठ कशी आहे?’’ एवढं विचारा आणि विषय बदला.

राहिला पावसाळा. जुलैत ग्रुप राईड गगनबावड्याला जाते, पंचावन्न किलोमीटर, वर धुकं, कांदाभजी, फोटो. मोठ्या गाड्या पाच-सहा असाव्यात. पण एक शंभर सीसीवाला बरोबर घ्याच. त्याला सगळ्यांच्या मागं ठेवा, फोटोत घेऊ नका, पण घ्या. कारण तारांच्या चाकात ट्यूब असते, आणि खिळ्याला चाळीस हॉर्सपॉवर कळत नाहीत. रस्त्याकडेचा पंक्चरवाला मागचं चाक खालून-वरून बघतो, नटाला बोट लावतो आणि म्हणतो, ‘‘ह्याचा पाना माझ्याकडं न्हाई.’’ एखाद्या ट्रकवाल्याकडून पाना मिळून चाक निघालं तरी मापाची ट्यूब कोल्हापुरातच मिळणार. मग त्या शंभर सीसीवर मागं बसायचं, चाक मांडीवर घ्यायचं आणि गावाकडं निघायचं. फुलेवाडी आली की मात्र हेल्मेट घाला आणि काच खाली ओढा. पुढं रंकाळा आहे, तिथं सगळी ओळखीची माणसं उभी असतात.