मोठ्या कंपनीत ‘लागलेल्या’ पोराचा मेसेज आणि माझी चौदा वर्षं

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा, बाबांच्या नाशिकमधल्या सातपूर एमआयडीसीतल्या जुन्या सहकाऱ्यांचा, आणि नातेवाइकांचा, जिथे कोणी कोणाला जाब विचारत नाही. मेसेज थोडक्यात असा: “पोरगा मोठ्या टेक कंपनीत लागला की पहिल्या दिवसापासून लाखात पगार. ऑफिस म्हणजे रिसॉर्ट, जेवण फुकट. आठवड्याला पाचच दिवस काम, तेही घरून, म्हणजे नाशिकच्या खर्चात पुण्याचा पगार. मोठी कंपनी कोणाला काढत नाही. काम चांगलं केलं की दरवर्षी बढती. अंबड-सातपूरच्या बापांनो, तुम्ही मशीनवर घाम गाळलात, पोराला तरी गाळायला लावू नका.” शेवटी जोडलेले हात आणि एक रॉकेट.

मी २०११ साली नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून पुण्याला जाऊन अशाच एका कंपनीत लागलो आणि गेल्या वर्षी बाहेर पडलो. तिचं नाव लिहीत नाही, कारण खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं शेजारच्या इमारतीतल्या कंपनीलाही लागू पडतं.

आधी एक घोळ निस्तरू. फुकट जेवण, रंगीत खुर्च्या, दुपारची डुलकी ही सगळी चित्रं गूगलसारख्यांच्या कार्यालयांतली. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून पोरांचे वर्गच्या वर्ग उचलून नेतात त्या कंपन्या वेगळ्या. नाशिककराला हा फरक द्राक्षबागेतून चटकन कळेल. एक असतो बागायतदार. बाग त्याची, माल त्याचा, भाव चढला तर फायदा त्याचा. दुसरा मुकादम. तो छाटणीला, विरळणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) टोळी पुरवतो आणि त्या टोळीच्या कामाचे पैसे घेतो. गूगल, मायक्रोसॉफ्ट हे बागायतदार. पुण्याच्या हिंजवडीतल्या भल्यामोठ्या भारतीय कंपन्या बहुतेक मुकादम, फक्त टोळी लाखांची. यात कमीपणा काही नाही, टोळी आली नाही तर बागायतदाराच्या तोंडचं पाणी पळतं. पण टोळीत जाणाऱ्या पोराला बागेचा मालक झाल्याची स्वप्नं कशाला दाखवायची?

आता पगार. माझं ऑफर लेटर ३ लाख १८ हजारांचं होतं. आईने ते देवापुढे ठेवलं, बाबांनी भागाकार केला: महिन्याला २६,५००. पहिल्या महिन्यात खात्यात आले २०,६०० आणि वर काही रुपये. बाबांनी तीस वर्षं सातपूरला पगाराची स्लिप ओळन् ओळ वाचलेली. ते म्हणाले, “मधले सहा हजार कोणी खाल्ले?”

खाल्ले कोणीच नव्हते. माझा बेसिक ९,०००. त्यावर कंपनीने भरायचा १२ टक्के पीएफ, १,०८० रुपये, हा माझ्याच पॅकेजमध्ये मोजलेला. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, म्हणजे ४३३, तेही पॅकेजमध्ये. आणि १९७२च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षं भरली तरच ते हाती लागणार होते. विम्याचे ४००. मग ‘व्हेरिएबल’ २,६५०, जे तिमाहीला आणि तेही कंपनीचे आकडे बरे आले तर. एवढं वजा जाऊन उरलेल्यातून माझ्या वाट्याचा पीएफ पुन्हा १,०८० आणि व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. बाबांच्या कारखान्यात पगार म्हणजे हातात पडतो तो. आमच्यात पॅकेज म्हणजे कंपनीला तुम्ही कितीला पडता तो आकडा. मेसेजमधले लाख हे वर्षाचे असतात आणि वाचणारा ते महिन्याचे समजतो, सगळी गंमत तिथेच आहे.

बरं, ही २०११ची गोष्ट. आजही मोठ्या सेवा-कंपन्यांत नेहमीच्या दाराने शिरणाऱ्या फ्रेशरचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय. वेगळी, कठीण परीक्षा देऊन सात लाखांच्या पुढे जाणारी पोरं आहेत, पण ती थोडी. एवढ्या वर्षांत पुण्यात वाकडमधल्या कॉट बेसिसचं, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं, भाडं मात्र घुटमळलेलं नाही.

फुकट जेवण: आमच्या कँटीनला कार्डवरून पैसे कापले जायचे. पुढे.

“पाचच दिवस, तेही घरून.” पाच दिवस खरे, फक्त दिवस कधी संपतो ते विचारू नका. क्लायंट न्यू जर्सीत. त्याचे सकाळचे दहा वाजले की आपले संध्याकाळचे साडेसात, म्हणजे स्टँडअप, टीमची रोजची छोटी मीटिंग, साडेसातला. नोव्हेंबरात तिकडे घड्याळ एक तास मागे नेतात आणि इकडे आपलं जेवण एक तास पुढे जातं. ऑक्टोबर २०२३मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं तेव्हा देशभर वाद झाला. आमच्या टीमने शांतपणे टाइमशीट उघडलं. प्रत्येकाचे ४५ तास. त्याहून जास्त तास भरायची सोयच नव्हती, कारण क्लायंटशी करार तेवढ्याच तासांच्या बिलाचा. वरचे तास कुठे लिहायचे ते आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नाही.

घरून कामाचं म्हणाल तर २०२० ते २०२२ मी नाशिकलाच होतो आणि नोकरीतली ती माझी सर्वांत सुखाची वर्षं. सकाळी गंगापूर रोडला चक्कर, दुपारी आईच्या हातचं जेवण. मग बोलावणी सुरू झाली. टीसीएसने ऑक्टोबर २०२३पासून पाचही दिवस ऑफिसला बोलावलं, ॲमेझॉनने जानेवारी २०२५पासून. आमचीही निघाली. पुढचं दीड वर्ष मी दर सोमवारी पहाटे साडेतीनला नाशिकच्या द्वारका चौकातून गाडी पकडली. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव झोपेत जायचं, चाकणला ट्रकांच्या रांगेत जाग यायची. नाशिक-पुणे साधारण २१० किलोमीटर, पण शेवटचे तीस सगळ्यांत लांब. नाशिकच्या खर्चात पुण्याचा पगार कुठला, दोन्ही गावांचा खर्च आणि एक पगार.

“मोठी कंपनी कोणाला काढत नाही” हे वाक्य २०२५नंतरही कोणी पुढे ढकलतो याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. त्या वर्षी जुलैमध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, त्यातही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. म्हणजे ज्यांचं गृहकर्ज ऐन भरात असतं ती. बागायतदारही काही वेगळे नाहीत. गूगलने जानेवारी २०२३मध्ये जगभरातून १२ हजार जणांना कमी केलं. अनेकांना ते ईमेलने कळलं, काहींना लॉगइन चालेना तेव्हा.

पण रोजच्या जगण्यात काढून टाकण्यापेक्षा जास्त कुरतडतो तो बेंच. एक प्रोजेक्ट संपला, दुसरा मिळाला नाही, की तुम्ही बेंचवर. टोळीतल्या माणसाला आज बाग नाही. पगार चालू असतो, क्लायंटला लागणारं बिल बंद असतं. मी एकदा नऊ आठवडे बेंचवर काढले. सकाळी कार्ड घासायचं, अंतर्गत यादीतल्या मॅनेजरांना मेल टाकायचे, कधी न पाहिलेल्या टेक्नॉलॉजीत ‘एक्स्पोजर आहे’ म्हणायचं, संध्याकाळी कार्ड घासायचं. घरी कळू दिलं नाही. सहाव्या आठवड्यात एचआरने बोलावून सुचवलं की स्वतःहून राजीनामा दिला तर अनुभवपत्र ‘स्वच्छ’ मिळेल. मी दिला नाही, सुदैवाने प्रोजेक्ट मिळाला. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्याने दिला. जून २०२५मध्ये टीसीएसने तर वर्षात किमान २२५ दिवस बिल झालं पाहिजे आणि बेंच ३५ दिवसांच्या वर नको, असा नियमच केला. दार उघडण्याआधीही हाल आहेतच: २०२२ साली ऑफर मिळालेल्या काही पोरांना इन्फोसिसमध्ये रुजू व्हायला २०२४ उजाडलं. पेढे दोन वर्षं आधीच वाटून झालेले.

बढतीचं काय? माझ्या सहाव्या वर्षी मॅनेजरने दार लावून घेतलं आणि म्हणाला, “काम उत्तम आहे तुझं. पण बारा जणांत वरचं रेटिंग दोनच देता येतं, आणि एकाला खालचं द्यावंच लागतं. यंदा तुला मधलं घे.” खालचं कोणाला गेलं? जिने त्या वर्षी सहा महिने बाळंतपणाची रजा घेतली होती तिला. याला बेल कर्व्ह म्हणतात. मायक्रोसॉफ्टने असली उतरंड नोव्हेंबर २०१३मध्येच मोडीत काढली. आमच्याकडे ती नाव बदलून चालूच होती. आणि पुढच्या प्रोजेक्टला जी मॅनेजर मिळाली तिने पहिल्याच आठवड्यात रात्री नऊनंतरचे कॉल बंद केले, स्वतः क्लायंटशी भांडून. कंपनी तीच, मजला तोच. चौदा वर्षांत मी चार वेगवेगळ्या कंपन्यांत काम केलं असं मला वाटतं, गळ्यातलं कार्ड तेवढं एक होतं. म्हणून ‘अमुक कंपनी कशी आहे हो?’ याला मी उत्तर देत नाही. कोणता प्रोजेक्ट, कोण मॅनेजर, क्लायंट कुठला, हे विचारतो.

राहिला मशीनवरचा घाम. हे वाक्य मला लागलं. बाबांच्या हाताला ऑइलचा वास यायचा हे खरं, पण शिफ्ट संपल्याचा भोंगा वाजला की ते घरी यायचे. दर काही वर्षांनी युनियन करार करायची, बोनसवरून गेटवर सभा व्हायच्या, आणि ओव्हरटाइमचा तास वहीत लिहिलेला असायचा. माझ्या कंपनीत हजारो माणसं आणि प्रत्येकजण एकटा. पुण्यात नाईट्ससारखी आयटीवाल्यांची संघटना अलीकडे उभी राहिलीय, नोकरकपातीविरुद्ध ती बोलते. आमच्या मजल्यावर मात्र तिचं नाव हळू आवाजात निघायचं.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर हाही एक फॉरवर्डच व्हायचा. बाबांची अँजिओप्लास्टी कंपनीच्या विम्यावर झाली, खिशातून जवळजवळ काही गेलं नाही. बँकेने गृहकर्जाला कपाळावर आठी आणली नाही. विमानात मी पहिल्यांदा बसलो ते ऑनसाइटला, म्हणजे परदेशी क्लायंटकडे कामाला, जाताना. इंग्रजीत भांडायला शिकलो. हे सगळं त्या नोकरीनेच दिलं.

ग्रुपवर मी यातलं अर्धंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी ज्या काकांनी मेसेज टाकला होता तेच मुलीला घेऊन वर आले. तिलाच ऑफर आली आहे, मेसेजमध्ये पोरगा असला तरी. ३ लाख ६० हजार. आम्ही तिघांनी कॅल्क्युलेटर घेऊन हातात काय येईल ते काढलं. मग तिने एचआरला विचारायचे प्रश्न कागदावर उतरवले: बाँड (आधी सोडलं तर पैसे भरायची अट) किती वर्षांचा, नोटीस नव्वद दिवसांची का, व्हेरिएबल गेल्या वर्षी किती टक्के दिलं, रात्रीच्या शिफ्टला घरापर्यंत गाडी आहे का. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईला कामावर ठेवायला तिची संमती लागते आणि दारापर्यंत पोचवायची सोय करावी लागते, हे मी तिला सांगितलं. काकांना ते माहीत नव्हतं. त्यांनी स्वतःच कागद ओढून तो प्रश्न सर्वांत वर, एक नंबरला लिहिला.

ती जाणार आहे. रुजू व्हायची तारीख अजून आलेली नाही.