त्रिकोण जायना रे!

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी पावणेबाराला मीटिंग चालू असताना ताईचा फोन आला. शाळेच्या वेळात ताई तोवर कधी फोन करत नसे, त्यामुळे आईला काही झालं की काय म्हणून मी तसाच उठलो. फोन उचलला तर मागे पस्तीस पोरांचा गलका, आणि त्यात ताई दबक्या आवाजात म्हणते, "आरे, त्रिकोण जायना रे!" म्हणजे त्रिकोण काही केल्या होत नाहीये.

माझी ताई डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवते. बावीस वर्षं झाली. पायथागोरस तिला झोपेतून उठवून विचारला तरी फळ्यावर मांडून दाखवील. काही वर्षांपूर्वी तिला सांगण्यात आलं की सहावी ते आठवीचं कोडिंगही आता तुम्हीच बघा, गणित आणि काँप्युटर म्हणजे एकाच कुळातलं. (हे कूळ कुणी लावलं कोण जाणे. मी वीस वर्षं कोड लिहितोय, आणि आठवीत मला गणितात काठावर पास ताईनंच केलं होतं, घरी शिकवून.)

तर तो त्रिकोण. पोरांना कोडिंग शिकवायला स्क्रॅच नावाची भाषा आहे. तिच्यात पडद्यावर एक मांजर असतं, त्याला पेन जोडायचं आणि सूचनांचे ठोकळे एकाखाली एक लावून चालवायचं, म्हणजे ते जाईल तिथं रेघ उमटते. चौकोन झाला होता: शंभर पावलं चाल, नव्वद अंश वळ, असं चार वेळा. मग त्रिकोण. समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून शंभर पावलं, साठ अंश, तीन वेळा. मांजर निघालं आणि विळ्यासारखी वाकडी, टोकं न जुळलेली रेघ काढून थांबलं. ताईनं पुन्हा केलं, पुन्हा विळा. मुलं हसायला लागली. बावीस वर्षं त्रिकोण शिकवणारी बाई, आणि तिला त्रिकोण जमेना.

मी म्हटलं, "ताई, काँप्युटर सोड. एका पोराला व्हरांड्यात घेऊन जा, खडूनं त्रिकोण काढ आणि त्याला त्या रेघेवरून चालायला लाव. कोपऱ्यावर आलं की तो किती वळतो ते बघ."

फोन चालूच होता. पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यातून कुणाला तरी "सरळ चल, सरळ" म्हणणं ऐकू येत होतं. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग ताईचं हसणं. "बाहेरचा कोन रे! एकशेवीस!"

चालणारा माणूस आतला कोन वळतच नाही, तो बाहेरचा वळतो. चौकोनाचा आतला आणि बाहेरचा कोन दोन्ही नव्वदच, म्हणून तिथं चूक लपून राहिली होती. बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांची बेरीज ३६० हे प्रमेय ताई दरवर्षी शिकवते, पण ते कुणी पायांनी चालून दाखवताना तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्या तासाला पोरांनी पुढं पंचकोन काढला, ७२ अंशांनी. एकानं विचारलं, "टीचर, आणि वर्तूळ?" तर दुसऱ्यानं परस्पर उत्तर दिलं, "एक पावल चल, एक अंश वळ, तीनशें साठ फावट." (फावट म्हणजे वेळा.) हा दुसरा पोरगा गणितात नेहमी नापास होणारा. ताई ते अजून सांगते.

यात माझी हुशारी काडीची नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत सीमोर पॅपर्ट, वॉली फ्युर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी लहान मुलांसाठी 'लोगो' नावाची भाषा केली. तिच्यातलं, सूचनेप्रमाणे चालत रेघ काढणारं कासव पुढं याच कामासाठी जगभर प्रसिद्ध झालं. मुलानं कासवाच्या जागी स्वतःला ठेवून बघावं, स्वतःच्या अंगानं वळून बघावं, हा पॅपर्टचा आग्रह होता. २००७ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमधून आलेलं स्क्रॅच हे त्याच घराण्यातलं नातवंड. म्हणजे जो उपाय मी फोनवर सांगितला तो अर्धशतक जुना आहे. प्रश्न एवढाच, की तो ताईपर्यंत का पोचला नव्हता?

तिला प्रशिक्षण मिळालं नव्हतं असं नाही. तीन दिवसांचं होतं, एसी हॉलमध्ये. जेवण उत्तम होतं, असं ताई न विसरता सांगते. पडद्यावर तयार प्रोजेक्ट दाखवले, त्यांचे ठोकळे जसेच्या तसे उतरवून घ्यायला लावले, सगळ्यांचे चालले, टाळ्या झाल्या, सर्टिफिकेट मिळालं. आपण केलेलं का चालत नाही हे कसं शोधायचं, यावर एक मिनिट नाही. माझ्या धंद्यात तर दिवसाचे सहा तास तेच काम असतं! चौथ्या दिवशी अडलं तर विचारायला म्हणून जो नंबर दिला होता, तो निघाला माल विकणाऱ्या माणसाचा.

आता मुद्द्यावर येतो. कोडिंग शिकवणारा शिक्षक शाळेत एकटा असतो. मराठीच्या बाईंना कवितेचा अर्थ अडला तर स्टाफरूममध्ये दुसऱ्या बाई असतात, नाहीतर त्यांचे स्वतःचे जुने सर असतात. गणिताला, इतिहासाला मागं पिढ्या उभ्या आहेत. कोडिंगच्या शिक्षकाच्या मागं कोणी नाही, कारण त्याला स्वतःला शाळेत कुणी कोडिंग शिकवलेलंच नाही. तो पहिलाच. आणि आपण त्याला काय देतो? काँप्युटर, किट, फलक, उद्घाटन. विचारायला माणूस देत नाही.

गोव्यानं हा विषय लवकर मनावर घेतला, याचं कौतुक आहेच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं माध्यमिकच्या आधीच्या टप्प्यापासून कोडिंग यावं असं म्हटलं, आणि २०२१ मध्ये आपल्याकडे सरकारी-अनुदानित शाळांतल्या सहावी ते आठवीसाठी कोडिंग-रोबोटिक्सची 'केअर्स' योजना आलीसुद्धा. हे फार बरं झालं. नाहीतर लॉकडाऊनमधल्या त्या जाहिराती आठवा, सहा वर्षांच्या पोरानं अॅप केलं नाही तर त्याचं आयुष्य फुकट, अशा थाटाच्या. पैसेवाल्यांच्या पोरांनी हजारो रुपये भरून क्लास लावले, आणि त्याच वेळी सत्तरी-सांग्यातली पोरं रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसत होती. शाळेत फुकट शिकायला मिळतं ही लहान गोष्ट नाही. म्हणूनच शिकवणाऱ्याची काळजी जास्त.

ताईचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. पस्तीस मुलं, चालू स्थितीतले अकरा काँप्युटर. एक मुलगा यूट्यूबवर बघून पायथन ही कोडिंगची भाषा शिकलाय, तो अधूनमधून रिकर्शन म्हणजे काय, असलं काहीतरी अवघड विचारतो. त्याच्याच बाकावर बसणाऱ्या मुलीनं पहिल्या दिवशी मॉनिटरच्या काचेवर बोट ठेवून मांजर ओढायचा प्रयत्न केला आणि ते हललं नाही तशी रडवेली होऊन म्हणाली, "टीचर, म्हजें माजर चलना!" तिच्या घरी फक्त मोबाईल. माऊस तिनं आयुष्यात धरलेला नाही. चाळीस मिनिटांच्या तासात या दोघांनाही शिकवायचं. मधेच करंट जातो तो वेगळा.

त्यात भाषेची गंमत. आपल्याकडची कितीतरी पोरं चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमात शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजीत जाऊन पडतात. सहावीत 'लूप', 'कंडिशन', 'फंक्शन' समोर येतात तेव्हा इंग्रजीचं पाणी अजून नाकातोंडात जात असतं. फंक्शन म्हटल्यावर ताईच्या वर्गातल्या पोरांना वाटलं गॅदरिंग.

त्यावर तिनं जे केलं ते माझ्यासारख्याला कधी सुचलं नसतं. गणेश चवथीच्या आधीचे दिवस होते. तिनं घरातलं आरत्यांचं पुस्तक वर्गात नेलं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी छापलेलं असतं ॥ धृ. ॥. ध्रुवपद एकदाच वर पूर्ण लिहिलंय, नंतर फक्त खूण. ती खूण दिसली की सगळे ध्रुवपदाकडे जातात, ते पूर्ण म्हणतात आणि जिथून गेले तिथं परत येऊन पुढचं कडवं धरतात. "हें फंक्शन," ताई म्हणाली. घुमट वाजवणारा एक पोरगा लगेच बोलला, "म्हणजे टीचर, धृपदात चूक आसल्यार सगळ्याक चूक, आनी एकदां सुदारलें की सगळेकडेन सुदारता!" बरोबर! मी कंपनीत नव्या इंजिनिअरांना हीच गोष्ट सांगताना घसा कोरडा करतो.

म्हणजे शिकवण्याची अक्कल शिक्षकाकडे आपल्यापेक्षा दसपट आहे. त्याला कमी पडतो तो वेळ, निर्धास्तपणा आणि अडल्यावर विचारायला माणूस.

वेळेचं सांगतो. शाळेत ज्याला काँप्युटर येतो तो सगळ्या शाळेचा कारकून होतो. प्रिंटर अडकला, ताईंना बोलवा. पोर्टलवर मार्क भरायचे, ताईंना बोलवा. हेडमास्तरांच्या मोबाईलमधले फोटो उडाले, तरी ताईच. उद्याच्या पाठाची तयारी ती रात्री दहानंतर करते, भांडी आवरल्यावर.

निर्धास्तपणाचं असं, की शाळेतल्या रोबोटिक्सच्या किटची पेटी बराच काळ कपाटात कुलपात होती. का? पहिल्याच महिन्यात एका पोरानं रेझिस्टर, म्हणजे विजेला आवर घालणारा भाग, न लावता एलईडी थेट बॅटरीला जोडला आणि तो जळला. दोन-तीन रुपयांची वस्तू. पण पेटी डेडस्टॉक रजिस्टरवर चढलेली, त्यामुळे खुलासा लिहून द्यावा लागला. माणूस एकदा खुलासा लिहितो, मग कुलूप लावतो. एलईडी जळल्याशिवाय रेझिस्टर कशाला असतो हे कुणाला कळलंय? किटबरोबर एक ओळ लिहून द्या, की वर्षाला इतका माल जळणार, मोडणार, हरवणार, आणि त्याबद्दल कुणी काही विचारणार नाही. कपाटं आपोआप उघडतील.

त्याहून अवघड निर्धास्तपणा म्हणजे "मला माहीत नाही" म्हणण्याचा. माझ्या धंद्यात हे वाक्य मी दिवसातून चारदा उच्चारतो आणि त्याचा पगार घेतो. वीस वर्षांनंतरही साधी साधी गोष्ट शोधून बघावी लागते. शिक्षकानं मात्र फळ्यासमोर अडखळायचं नाही, अशी आपल्याकडे रीत. त्या रिकर्शनवाल्या पोराला ताईनं शेवटी सांगून टाकलं, "मला येत नाही, तू वाचून ये आणि आम्हाला सांग." तो आला, त्यानं सांगितलं, निम्मं चुकलं. मग दोघांनी मिळून शोधलं. वर्गाबाहेरून जाणाऱ्या एका वरिष्ठानं हे ऐकलं आणि नंतर ताईला बाजूला घेऊन "जरा तयारी करून येत जा" म्हणून समजावलं. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही.

आता कोणीतरी खाली लिहिणारच, एआय कोड लिहितो, मग हे शिकायचं कशाला? एआयला विचारलं असतं तर १२० क्षणात मिळालं असतं, कबूल. पण व्हरांड्यात कोणी चाललं नसतं, आणि ताईनं मला फोनही केला नसता.

विचारायला माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न मुंबई-पुण्याला पडावा, गोव्याला पडू नये. बारा तालुक्यांचं राज्य. फर्मागुडीला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथंच २०१६ पासून आयआयटी आहे. एनआयटी आहे, झुआरीनगरला बिट्स आहे. शिवाय लॉकडाऊनमध्ये घरी आलेले आणि परत न गेलेले माझ्यासारखे कितीतरी, म्हापसा-फोंड्यापासून पार केरीपर्यंत, घरच्या पडवीत बसून परदेशातल्या गिऱ्हाइकांची कामं करणारे. प्रत्येकानं एक शिक्षक धरला तरी पुरे. मुलं धरू नका. शिक्षक धरा.

हा फरक मला अनुभवानं कळला. पहिल्या वर्षी मीही ताईच्या शाळेत 'मार्गदर्शन' करायला गेलो होतो. शाल, नारळ, फोटो. पाऊण तास करिअरवर बोललो. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी ताईच्या वर्गात मांजर होतं तिथंच होतं. उलट एका पोरानं तिला विचारलं, "टीचर, सरच आमकां शिकयनात कित्याक?" म्हणजे सरच का शिकवत नाहीत. तिची किंमत मी तिच्याच वर्गात कमी करून आलो होतो. त्यानंतर मी शाळेत गेलो नाही. गुरुवारी तिचा तास असतो तेव्हा फोन मोकळा ठेवतो, एवढंच. कॅलेंडरवर तेवढा वेळ 'ताई' म्हणून अडवून ठेवलाय. हा कुठला क्लायंट, असं मॅनेजरनं एकदा विचारलंही. सुरुवातीला दर गुरुवारी फोन यायचा, आता महिन्यातून एखादा येतो. आणि हल्ली ती त्रिकोणासारखं काही विचारत नाही. तिचे प्रश्न अवघड झालेत, मलाच शोधून सांगावं लागतं.

उद्या गुरुवार. आठवीला व्हेरिएबल आहे, म्हणजे किंमत साठवून ठेवायची जागा. दोन व्हेरिएबलमधल्या किमतींची अदलाबदल करायला तिसरा का लागतो, ते तिला दाखवायचंय. त्यासाठी ती आईच्या मिस्कुटाच्या, म्हणजे कैरीच्या लोणच्याच्या, तीन बरण्या घेऊन जाणार आहे, एकीत तांदूळ, एकीत साखर आणि एक रिकामी. रिकामी करायला म्हणून आज रात्री आम्ही दोघं मिस्कूट दुसऱ्या डब्यात काढतोय. आईला अजून सांगितलेलं नाही.