गाईड समान अंतरावर? खुलासा

गोव्यातल्या गळवाल्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, की स्पिनिंग रॉड (रील खाली लटकतो तो मासेमारीचा रॉड) बांधताना फुटांत लांबी अधिक एक इतके गाईड (लाईन ओवायच्या रिंगा) घ्यायचे, सगळे समान अंतरावर लावायचे आणि रीलजवळचा पहिला जेवढा मोठा तेवढा कास्ट (फेक) लांब. संख्येचा अंदाज ठीक आहे, सुरुवात म्हणून, बाकीचं चूक.

अंतर टिपकडे, म्हणजे रॉडच्या टोकाकडे, कमी कमी होत जायला हवं, कारण वाकतो तो टिपकडचा भाग, तिथे गाईड लांब पडले तर चोणक माशाने ओढल्यावर लाईन रॉडचा बाक सोडून सरळ धावते आणि ताण एकाच जागी येतो. म्हणून आधी गाईड टेपने चिकटवा, लाईन ओवा, वजन बांधून रॉड वाकवून बघा, मग सरकवा. गाईड पक्के करायला दोरा गुंडाळायची घाई कशाला?

पहिल्या गाईडची रिंग मोठी असण्यापेक्षा पाय (रिंग रॉडपासून उचलून धरणारी फ्रेम) उंच असणं महत्त्वाचं. २५०० साइझच्या रीलला ब्रेड (विणलेली लाईन) असेल तर २०, १०, ५.५ मि.मी. अशी रिंगांची उतरंड मस्त चालते, पुढे छोटेच. फक्त तो आकडा रिंगच्या बाहेरच्या व्यासाचा, आतलं भोक त्याहून लहान, त्यामुळे मांडवीत जाड लीडर (लाईनच्या टोकाला जोडलेला तुकडा) वापरणाऱ्यांनी जोडाची गाठ आरपार जाते का ते आधी बघा.